फास्टर फेणे चाकणला आला तर?

आवाज जरा खरखरीत येईल, सांभाळून घ्या. कंपनीच्या बसमध्ये बसून रेकॉर्ड करतोय आणि बस नेहमीप्रमाणे तळेगाव चौकाच्या अलीकडे अडकलीये. वेळच वेळ आहे.

आज विषय फास्टर फेणे. म्हणजे बनेश फेणे, मूळ गाव फुरसुंगी, शाळा पुण्यातली विद्याभवन. अंगाने काडी, पण सायकलवर बसला की कुणाच्या बापाला सापडायचा नाही. संकटातून सुटला की तोंडातून ‘ट्टॉक’ असा आवाज. आपल्यातल्या बऱ्याच जणांना तो २०१७ च्या सिनेमातून, म्हणजे अमेय वाघमुळे माहीत झाला. आधीच्या पिढीला दूरदर्शनवरच्या मालिकेतून, त्यात सुमीत राघवन होता. पण खरा फेणे पुस्तकांतला. भा. रा. भागवतांनी लिहिलेला. भागवतांचा जन्म १९१० चा. ज्यूल व्हर्न मराठी पोरांपर्यंत आणला तोही त्यांनीच.

मुलांनी गुन्हा शोधायचा ही कल्पना तशी जुनी. जर्मनीत एरिख केस्टनरचं ‘एमिल’ १९२९ मध्ये आलं, इंग्लंडमध्ये एनिड ब्लायटनचे ‘फेमस फाइव्ह’ १९४२ मध्ये. पण फेणे प्रतापगडावर जातो, पुण्यात सायकल हाणतो. तो आपल्या रस्त्यांवर सापडतो, हे मला लहानपणी फार भारी वाटायचं.

आता खरी गोष्ट. माझा भाचा दहा वर्षांचा, इंग्रजी मीडियम. त्याला मी फेणे दिला. मराठी अडखळत वाचतो, म्हणून अवघड पानं मी व्हॉट्सॲपवर वाचून पाठवायचो. चार दिवसांनी म्हणाला, “मामा, मला सायकलवर बाहेर जायचंय.” ताई म्हणाली, “अजिबात नाही.” आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बाहेर कंटेनर, ट्रेलर, सर्व्हिस रोडवर उलटे येणारे टेम्पो. फेणेला मोकळं शहर मिळालं होतं. आमच्या गड्याला पार्किंग आणि जिना.

मग त्याने जिन्यातच केस शोधली. सोसायटीची वरची टाकी रोज सकाळी रिकामी सापडायची. मोठ्यांनी निकाल लावून टाकलेला: दुसऱ्या मजल्यावरची भाड्याची पोरं. सहा जण एका फ्लॅटमध्ये, प्लांटमध्ये कॉन्ट्रॅक्टवर, बाहेरच्या राज्यातली. “तीच पाणी उडवतात.” फ्लॅट खाली करायला सांगायचं, इथपर्यंत गोष्ट आली होती.

भाच्याने वहीत वेळा लिहिल्या. त्या आठवड्यात सहाही जण नाइट शिफ्टला. रात्री साडेदहाला बस, सकाळी साडेसातला परत. तरी टाकी रिकामीच! मी दिवसभर लॉग वाचतो, पगार त्याचाच घेतो, पण हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मग भर दुपारी, सगळं सामसूम असताना, तो प्रत्येक मजल्यावर ड्रेनेजच्या पाइपला कान लावत फिरला. चौथ्या मजल्यावर पाणी वाहत होतं, पाचव्यावर काहीच नाही. चौथ्यावरचा तो फ्लॅट कित्येक महिने बंद. मालकाच्या नातेवाइकांकडून किल्ली आणली, तर आत फ्लशची टाकी सतत वाहतेय.

मोठी माणसं लहान मुलांकडे लक्ष देत नाहीत, असल्या कथा त्यावरच चालतात. पार्किंगमध्ये फिरणाऱ्या पोराला कोण विचारतं, काय लिहितोस म्हणून?

प्लंबर आला, दुरुस्ती झाली, टाकी टिकायला लागली. सोसायटीच्या ग्रुपवर अंगठे पडले. त्या सहा जणांना मात्र कुणी सॉरी म्हटलं नाही. भाच्याला तेच खटकलं. “मामा, पुस्तकात चोर सापडतो. इथं चोरच नव्हता, मग राग कुणाचा यायचा?” मला पटकन उत्तर सुचलं नाही. रविवारी तो एकटाच दुसऱ्या मजल्यावर गेला, वही दाखवायला. त्यांनी त्याला चहा पाजला, ताई घरी चहा देत नाही त्याला.

चला, पुढचा कंटेनर हलला. भेटू.