किल्ली आपल्या हाती असावी
(म्हसवड येथे पालकांच्या सभेत केलेले भाषण)



आज मी आपणांपुढे मुलांच्या शैक्षणिक सॉफ्टवेअरचा विषय मांडणार आहे. विषय नवा वाटेल. प्रश्न मात्र जुनाच आहे. आपल्या मुलांच्या ज्ञानाची किल्ली कोणाच्या हाती असावी?

७ नोव्हेंबर १९०० रोजी आपल्याच जिल्ह्यात, सातारा येथे, बाबासाहेबांचे नाव सरकारी शाळेत दाखल झाले. आपल्या बालपणाच्या आठवणींत त्यांनी लिहून ठेवले आहे की, शाळेत शिपाई नळ सोडील तेव्हाच त्यांची तहान भागे. शिपाई नाही, तर पाणीही नाही. शाळेचे दार उघडले होते, नळ उघडला नव्हता. समोर असलेली वस्तू दुसऱ्याच्या मर्जीने मिळत असेल तर ती आपली नव्हे, हा धडा आपण विसरता कामा नये.

२०२० साली महामारीमुळे शाळा बंद झाल्या. माझ्या घरी मोबाइल एकच, तोही दिवसभर माझ्याबरोबर कामावर. सायंकाळी माझी मुलगी त्यावर गणित शिके. ते सॉफ्टवेअर पहिला महिना फुकट होते. महिना सरताच पैशांची मागणी आली आणि तिचा भागाकार अर्ध्यावरच राहिला. त्या दिवशी मला नळाची गोष्ट नव्याने कळली.

इंग्रजीत ज्या दोन अर्थांसाठी एकच शब्द आहे, त्यांना आपल्या मराठीत दोन शब्द आहेत : फुकट आणि मुक्त. फुकट हे दान आहे. देणारा ते केव्हाही परत घेईल. मुक्त हा हक्क आहे. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यास आरंभ केला. या विचारात वापरणाऱ्याचे चार हक्क मानले जातात : हव्या त्या कामासाठी वापरणे, आतील रचना अभ्यासणे, प्रती वाटणे, आणि त्यात सुधारणा करून ती सर्वांस देणे.

अशी साधने आज उपलब्ध आहेत. फ्रान्समध्ये २००० साली सुरू झालेल्या ‘जीकॉम्प्री’मध्ये दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी अक्षरे, अंक, घड्याळ, बुद्धिबळ असे शंभराहून अधिक खेळ आहेत. त्याच्या नावाचा फ्रेंच उच्चार ‘मला समजले’ या अर्थाच्या शब्दांसारखा आहे. ‘टक्स पेंट’ हे चित्रकलेचे साधन २००२ पासून आहे. दोन्ही एकदा संगणकावर बसविली की इंटरनेटवाचून चालतात.

परंतु दुसऱ्यांनी केलेले वापरणे एवढ्यावर आपण थांबू नये. सुधारण्याचा हक्क मिळाला आहे, तो बजाविला पाहिजे. माझ्या काही सूचना आहेत. पहिली, मुलाला आपल्या बोलीत धडा ऐकू यावा. म्हसवडच्या ‘माणदेशी तरंग’ या सामुदायिक रेडिओने माणदेशी बोलीला आवाज दिला. तशीच आपल्या मायभगिनींच्या आवाजात अक्षरओळख तयार व्हावी. दुसरी, गणित इथल्या जीवनातून यावे : बाजारातील जोंधळ्याचा भाव, कळपातील मेंढ्यांची मोजणी, अपुऱ्या पावसाचे मोजमाप. तिसरी, ऊसतोडीला वा मेंढरांमागे जाणाऱ्या कुटुंबातील मुलाला पेनड्राइव्हवर सर्व धडे बरोबर नेता यावेत. गाव सुटले म्हणून शिक्षण सुटू नये. चौथी, विहारात एक जुना संगणक ठेवावा आणि शिकलेल्या मुलामुलींनी आठवड्यातून एक सायंकाळ लहानांसाठी द्यावी.

यंत्र शिक्षकाची जागा घेणार नाही, हेही मी स्पष्ट सांगतो. शाळेत शिक्षक असावा ही मागणी आपण सोडावयाची नाही. पण शाळा सुटल्यावरही मुलाची जिज्ञासा जागी राहते. तिला कुलूप लागू न देणे हे आईबापांचे कर्तव्य आहे.

आपली मुले ही साधने नुसती वापरणारी न राहता घडविणारी व्हावीत, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.

जय भीम!