नाजुक त्वचा आणि वनस्पतींचीं औषधी द्रव्यें



सफरचंद चिरून ठेवलें, कीं घटकाभरांत त्याचे काप तपकिरी पडतात. त्यांवर लिंबू पिळलें, तर ते बराच वेळ पांढरे राहतात. हवेंतील प्राणवायूचा मारा लिंबांतील ‘क’ जीवनसत्त्व स्वतःवर झेलतें, हें त्याचें एक मोठें कारण. अशा द्रव्यांस अँटिऑक्सिडंट म्हणतात. उन्हांतील अतिनील किरणांमुळें आपल्या त्वचेंतहि प्राणवायूचे अतिक्रियाशील कण उत्पन्न होऊन पेशींस इजा करतात. तेव्हां कापांस जें मानवलें तें गालास कां मानवूं नये, असें पुष्कळांस वाटतें. नाजुक त्वचेच्या माणसाचा घात होतो तो नेमका येथेंच.

आम्लता मोजण्याचें पीएच नांवाचें जें परिमाण आहे, त्यांत त्वचेचा पृष्ठभाग सुमारें ५ वर व लिंबाचा रस सुमारें २ वर येतो. हा आंकडा एकानें उतरला, कीं आम्लता दसपट वाढते. म्हणजे हा रस त्वचेहून सुमारें सहस्रपट आम्ल झाला. शिवाय लिंबाच्या सालींत व रसांत फ्युरोकूमारिन नांवाचीं द्रव्यें असतात. तीं अंगावर असतांना ऊन लागलें, तर भाजल्यासारखे फोड उठतात, आणि मागाहून उरणारे काळे डाग महिनोन् महिने जात नाहींत.

बाजारांतील तयार मलमांचीहि नीट पारख करावी लागते. आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनीं १९२८ सालीं जें द्रव्य वेगळें काढलें, तेंच पुढें ‘क’ जीवनसत्त्व ठरलें. तें हवेनें व उजेडानें लवकर नासतें. बाटलींतील द्रव तपकिरी झाला, कीं त्याचें बळ सरलें असें समजावें. लव्हेंडरच्या सुगंधी तेलांतील लिनालूल व संत्र्याच्या सालींतील लिमोनीन हीं वनस्पतिजन्यच. पण हवा लागून त्यांचीं जीं नवीं संयुगें बनतात, त्यांची अनेकांस अॅलर्जी होते. म्हणून नाजुक त्वचेस बिनवासाचें मलम बरें.

याउलट, बारीक दळलेलें ओटचें पीठ हें सौम्य द्रव्य आहे. त्यांतील अॅव्हेनॅन्थ्रामाइड हीं द्रव्यें अँटिऑक्सिडंट असून खाजहि शमवितात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें २००३ सालीं अशा पिठास त्वचारक्षक म्हणून मान्यता दिली.

तथापि, हळदीपासून ओटपर्यंत कोणतेंहि द्रव्य एखाद्यास न मानवण्याचा संभव असतो. यास्तव नवें मलम प्रथम कोपराच्या आंतील बाजूस, रुपयाएवढ्या जागेवर, दिवसांतून दोनदां, सात ते दहा दिवस लावून पाहावें. तेथें लाली वा खाज उठली, तर तें लगेच धुऊन टाकावें व पुन्हां वापरूं नये. चेहरा सुजला किंवा फोड आले, तर घरगुती लेपांत वेळ न दवडतां त्वचारोगतज्ज्ञास दाखवावें. आणि मलम कितीहि उत्तम असलें, तरी भर दुपारीं बाहेर पडतांना छत्रीस रजा देऊं नये, इतकें सांगून आपली रजा घेतों.