वंध्यत्वोपचार आणि घरी घ्यावयाची इंजेक्शने

वंध्यत्वावरील उपचारांत स्त्रीने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या घरी, पोटाच्या त्वचेखाली संप्रेरकांची इंजेक्शने घेणे ही गोष्ट आता कोल्हापूर जिल्ह्यातही नवलाईची राहिलेली नाही. तरीही तिची चर्चा दवाखान्याबाहेर क्वचितच होते. संप्रेरक म्हणजे एखाद्या ग्रंथीने रक्तात सोडलेले आणि दूरच्या अवयवाला कामाची आज्ञा देणारे रसायन. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी दर महिन्याला अशी आज्ञा स्त्रीच्या बीजकोशांना देते, आणि त्यांतील बीजपुटकांपैकी, म्हणजे ज्या पाणीदार पिशव्यांत स्त्रीबीजे वाढतात त्यांपैकी, बहुधा एकच पूर्ण वाढते. शरीराबाहेर फलन घडवून आणण्याच्या ज्या पद्धतीला ‘टेस्ट ट्यूब बेबी’ किंवा नुसते ‘आयव्हीएफ’ म्हटले जाते, तिच्यात एका बीजावर सहसा भागत नाही. म्हणून पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून साधारणतः आठ ते बारा दिवस तीच आज्ञा, अधिक जोरकसपणे, रोज बाहेरून द्यावी लागते.

ही आज्ञा कुपीत कशी भरली गेली, याचा इतिहास विलक्षण आहे. पाळी कायमची थांबल्यावर बीजकोश प्रतिसाद देईनासे होतात, पीयूषिका मात्र हाका मारीतच राहते, आणि ते संप्रेरक लघवीवाटे बाहेर पडते. रोममधील शास्त्रज्ञ पिएरो डोनिनी यांनी १९४९ च्या सुमारास अशा लघवीतून ते वेगळे काढले. पुढे इटलीतील मठांत राहणाऱ्या वयोवृद्ध जोगिणींकडून ती गोळा केली जाऊ लागली, आणि १९६२ मध्ये इस्रायलमध्ये या औषधाच्या साहाय्याने पहिले मूल जन्माला आले. ज्यांनी आजन्म ब्रह्मचर्य पाळले त्यांच्यामुळे परक्या घरांत पाळणे हलले, ही गोष्ट पुराणात शोभावी अशी आहे. दवाखान्यांत आज ‘एचएमजी’ या आद्याक्षरांनी ओळखले जाते ते हेच औषध. कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी १९७८ मध्येच ते वापरून एकाहून अधिक बीजे मिळविली होती, तर त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जन्मलेली लुईस ब्राऊन ही औषधाविना वाढलेल्या एकाच बीजापासून झाली होती. पण मुखोपाध्यायांच्या कामाची त्यांच्या हयातीत उपेक्षाच झाली. महाराष्ट्रात ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांनी हर्षा चावडा हिचा जन्म झाला, तेव्हापासून हा विषय मराठी घरांत वर्तमानपत्रांतून पोहोचला.

सुई घरात येण्याचे कारण मात्र औषधाच्या शुद्धतेत आहे. जुन्या औषधात इतर प्रथिनांची भेसळ फार असल्याने ते नितंबाच्या स्नायूत खोलवर द्यावे लागे, आणि तिथे स्वतःचा हात नीट पोहोचत नसल्यामुळे दुसऱ्या माणसावाचून गत्यंतर नसे. शुद्धीकरण सुधारल्यावर, तसेच १९९५ च्या सुमारास चिनी हॅमस्टर या छोट्या प्राण्याच्या पेशींत हे संप्रेरक बनविणे शक्य झाल्यावर, ते आखूड व बारीक सुईने त्वचेखालच्या चरबीत देता येऊ लागले, जसे मधुमेहाचे रुग्ण इन्शुलिन घेतात. पुढे आकडा फिरवून मात्रा ठरविण्याची पेने आली. ती महाग असल्याने कुपी आणि सिरिंज यांचा वापर मात्र अजून टिकून आहे.

प्रत्यक्ष कृती भीती वाटते तितकी अवघड नाही. हात साबणाने धुऊन, सोबतच्या द्रावणाने कुपीतील पूड विरघळवून, ती जोराने न हलविता अलगद फिरवून, औषध सिरिंजमध्ये ओढले जाते. मग सुई बदलून, बेंबीपासून दोन-तीन बोटे अंतरावर चिमटीत धरलेल्या चरबीत ती सरळ घातली जाते, आणि दररोज बाजू पालटली जाते. सुई टोचली नाही तर डॉक्टरांनी तपासलेच नाही असे मानणाऱ्या मुलखात तीच सुई स्वतःच्या हाती आली की हात थरथरतो, हे स्वाभाविकच आहे. गर्दीच्या वेळी बाह्यरुग्ण विभागात नर्सने एकदा भरभर करून दाखविणे याला शिकविणे म्हणता येणार नाही; पहिले इंजेक्शन रुग्णेने नर्ससमोर स्वतःच घेणे आणि सूचना मराठीत लिहून मिळणे ही अपेक्षा अवाजवी नव्हे. सहायक प्रजनन तंत्रज्ञानाविषयीचा २०२१ चा केंद्रीय कायदा जानेवारी २०२२ पासून लागू असून, उपचारांचा खर्च, दुष्परिणाम आणि धोके जोडप्याला समजावून सांगणे त्याने केंद्रांवर बंधनकारक केले आहे.

अवघड आहे ते सुईच्या भोवतीचे सारे. काही औषधे थंडच, म्हणजे २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागतात, तर काही २५ अंशांपर्यंत चालतात; गोठलेले औषध मात्र टाकूनच द्यावे लागते, त्यामुळे ते बर्फाच्या कप्प्यात ठेवणे किंवा थर्मासमध्ये बर्फाला चिकटवून नेणे, दोन्ही चुकीचे. कोल्हापुरात एप्रिल-मेमध्ये पारा सदतीस-अडतीस अंशांवर जातो, आणि पावसाळ्यात गगनबावडा, राधानगरी, आजरा या भागांत झाड कोसळले की वीज तासन्‌तास येत नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ पुणे–बंगळूर महामार्गावर आले आणि वाहतूक बंद पडली, तेव्हा मध्यावर आलेला उपचार किती ठिसूळ असतो याची कल्पना करता येते.

घड्याळाची अट याहूनही कडक असते. रोजचे इंजेक्शन ठरल्या वेळेच्या थोडे पुढे-मागे झाले तर सहसा बिघडत नाही, पण बीजे परिपक्व करणारे शेवटचे इंजेक्शन, ज्याला सगळीकडे ‘ट्रिगर’च म्हणतात, ते बीजे काढण्याच्या सुमारे ३४ ते ३६ तास आधी घ्यावे लागते. बुधवारी सकाळी नऊला बीजे काढायची असतील तर सोमवारी रात्री नऊ ते अकरा ही त्याची वेळ झाली. उशीर झाला तर बीजे कच्ची राहतात, फार लवकर घेतले तर ती आधीच सुटून जाण्याचा संभव असतो. आणि चंदगडच्या एखाद्या वाडीत रात्री दहाला कोणताही दवाखाना उघडा नसतो, म्हणूनच ही एक सुई तरी घरच्या माणसाला टोचता आली पाहिजे.

रोजच्या सुईची वेळ बहुधा संध्याकाळची, म्हणजे नेमकी भाकऱ्या थापण्याची. एकत्र कुटुंबात फ्रिज सर्वांचा असतो, दार लावून बसायला खोली असतेच असे नाही, आणि दह्याच्या भांड्यामागे ठेवलेल्या खोक्याविषयी जाऊ किंवा सासूबाई विचारणारच. ज्या घरांत सासूबाईंना आधीच सांगितलेले असते तिथे हा प्रश्न मिटतो. ज्या घरांत लपवायचे ठरते तिथे औषधापेक्षा लपविण्याचाच ताण मोठा होतो. दोष पुरुषाच्या शुक्राणूंत असला तरी रोजची सुई बहुतेक वेळा बायकोच्याच पोटात जाते, कारण बीजे तिच्याकडून घ्यायची असतात. तेव्हा औषध विरघळविणे, वेळ पाहणे आणि मात्रा वहीत लिहिणे एवढे तरी नवऱ्याने करावे, हे सांगण्यासाठी वैद्यकीय पदवी लागत नाही.

सुई टोचलेल्या जागी लाली किंवा छोटा काळा-निळा डाग, पोट जड वाटणे, मन हळवे होणे हे बहुधा तात्पुरते असते. परंतु पोट एकाएकी फुगणे, एक-दोन दिवसांत वजन वाढणे, लघवी कमी होणे, धाप लागणे ही बीजकोश प्रमाणाबाहेर उत्तेजित झाल्याची चिन्हे असू शकतात. ती बीजे काढून झाल्यावरही दिसू शकतात, आणि त्या वेळी सकाळची वाट न पाहता उपचार केंद्राला फोन करणेच योग्य ठरते. सोनोग्राफी दर दोन-तीन दिवसांनी केली जाते ती याचसाठीही: पुटके किती व केवढी झाली हे पाहून मात्रा बदलली जाते, त्यामुळे शेजारणीला लागू पडलेली मात्रा आपल्यालाही चालेल, हा हिशेब इथे लागत नाही.

वापरलेल्या सुया हा सर्वांत दुर्लक्षित भाग. घरातल्या कचऱ्यात टाकलेली उघडी सुई शेवटी कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या बोटात जाते. सुई पुन्हा टोपणात न घालता जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाकावी, डब्यावर तसे लिहावे, आणि भरलेला डबा उपचार केंद्र परत घेते का, हे औषधे विकत घेतानाच विचारून ठेवावे.