घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे



मी सातवी शिकलेली, डॉक्टरीण नव्हे. पण घरातले माणूस कसे झोपते, हे आपल्याइतके कोणास ठाऊक? कोणी मोठ्याने घोरता घोरता 10 सेकंद, कधी अधिकही, श्वास थांबतो. मग ते दचकून श्वास घेते. रात्रभर असे चालले की रक्तदाब वाढतो, दिवसा डुलक्या येतात. पैठण रस्त्यावर गाडी हाकणाऱ्याची डुलकी जिवावर बेतते. पाळी गेल्यावर आपणा बायकांतही हे वाढते.

मनाने झोपेच्या गोळ्या देऊ नका. श्वास अधिक अडू शकतो. घाटी रुग्णालयात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, रात्री पाहिलेले सांगा. वजन उतरविणे, कुशीवर निजणे, दारू सोडणे यांनी पुष्कळांस गुण येतो. काहींना रात्री हवा देणारा मुखवटा लावावा लागतो.

“दमून घोरतात” म्हणून सोडून देऊ नका, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.