कर्करोग्याची रात्र



भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, असे आपण म्हणतो. दिवसभर नांगर धरलेल्या माणसाला ते लागूही पडते. पण कर्करोगाच्या रोग्याकडे पाहिले की ही म्हण लंगडी पडते. दोन पावले चालवत नाही इतका थकवा, अंगाखाली मऊ गादी, आणि तरी डोळ्याला डोळा लागत नाही. थकवा आणि झोप ही सख्खी भावंडे, असा आपला समज आहे. या रोगात ती एकमेकांशी अबोला धरतात.

मिरजेला हा विषय परका नाही. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली येथे रुग्णालय काढले, तेव्हापासून कर्नाटकातून, कोकणातून, सोलापूरकडून दुखणाईत माणसे या गावी येत आली. आज त्यांत कर्करोगाचे रोगीही पुष्कळ असतात. त्यांच्या एखाद्या भाड्याच्या खोलीत रात्री डोकावून पाहावे. खाटेवर रोगी, खाली चटईवर त्याची बायको किंवा मुलगा. रोगी कूस बदलीत नाही, कारण खालच्याची झोप मोडेल. खालचाही जागाच असतो, पण हूं की चूं करीत नाही, कारण वरच्याला वाटायचे, आपल्यापायी याला त्रास. असे दोघेही झोपेचे सोंग घेऊन जंक्शनातल्या गाड्या मोजतात, आणि सकाळी डॉक्टरांनी विचारले की दोघेही म्हणतात, "बरे आहे."

हे थोडक्यांचे दुखणे नव्हे. कॅनडातील एका पाहणीत, जी २०११ साली प्रसिद्ध झाली, शस्त्रक्रियेच्या सुमारास ९६२ रोग्यांपैकी ५९ टक्क्यांना झोपेची तक्रार होती. अठरा महिन्यांनीही ३६ टक्क्यांची ती गेलेली नव्हती. शस्त्रक्रिया होऊन गेली, जखम भरली, आणि जागरण मात्र उरले! असे का व्हावे?

आर्थर स्पीलमन या अमेरिकन अभ्यासकाने १९८७ साली याची उकल मांडली. काहींची झोप मुळातच सावध असते. तीवर एखादे निमित्त घडते. पण निमित्त सरल्यावरही निद्रानाश टिकतो, तो आपल्याच सवयींच्या आधाराने.

निमित्तांना या रोगात तोटा नाही. वेदना आहे, अहवालाची धास्ती आहे. किमोथेरपीत ओकारी थांबावी म्हणून देतात ते डेक्सामेथासोन झोप उडवते. स्तनाच्या कर्करोगात देतात त्या टॅमॉक्सिफेनने अंगातून वाफा निघून घाम फुटतो. ही कारणे डॉक्टरांना सांगितली तर पुष्कळदा उपाय निघतो. वेदनेचे औषध रात्रभर पुरेल असे देता येते, दिवसाची गोळी सकाळीच घ्यावी का हे विचारता येते. आपल्या मनाने मात्र वेळ बदलू नये. शेजाऱ्याची झोपेची गोळी तर घेऊच नये. मॉर्फीनसारख्या औषधाबरोबर ती घेतली तर श्वास मंदावून जिवावर बेतू शकते.

खरी गोष्ट आहे ती सवयींची, आणि तेथे दोष रोग्याचा कमी, आमच्या मायेचा अधिक. "पडून राहा, विश्रांती घ्या," असे आम्ही दिवसातून दहादा म्हणतो. ही शिकवण आम्हांला क्षयाने दिली. वानलेसवाडीच्या आरोग्यधामाची आठवण येथील जुन्या घरांत अजून आहे. क्षयावर औषध नव्हते त्या काळी अंथरुणावर पडून राहणे हाच मुख्य उपचार होता. पुढे औषधे आली, आणि मद्रासच्या प्रयोगाने १९५९ साली दाखवून दिले की ती घेतली तर घरी राहूनही रोगी आरोग्यधामातल्याइतकाच बरा होतो. उपचार बदलला, पण मोठे दुखणे म्हणजे खाट, हे समीकरण मनातून गेले नाही. तेच आम्ही कर्करोग्याला लावतो. तो दिवसा चार डुलक्या घेतो, संध्याकाळी सातला आडवा होतो, आणि रात्रीसाठी झोप शिल्लक राहात नाही. हळूहळू ती खाट म्हणजे जागे राहण्याची जागा, असे त्याचे शरीरच शिकते.

म्हणून उपाय उलट बाजूने करावा लागतो. उठण्याची वेळ एक ठेवावी, रात्र कशीही गेलेली असो. दुपारची डुलकी अर्ध्या तासात आटपावी. डोळे पेंगू लागतील तेव्हाच अंथरुणावर जावे, आणि वीसेक मिनिटे झोप न आली तर उठून दुसरीकडे बसावे. घड्याळाकडे मात्र पाहू नये. या रीतीचा गाभा रिचर्ड बुट्झिन यांनी १९७२ साली सांगितला. पुढे तिच्यात विचारांना वळण लावण्याची भर पडून जी पद्धत झाली, तीच जुनाट निद्रानाशावर गोळीच्या आधी वापरावी, असे अमेरिकेतील वैद्यांच्या संस्थेने २०१६ साली सुचविले. ज्याला घेरी येते किंवा ज्याच्या हाडांत रोग उतरला आहे, त्याने मात्र काळोखात एकट्याने उठू नये.

आणखी एक जागरण आहे, त्याला घड्याळाचा उपाय नाही. पुष्कळ घरांत रोगाचे नावच रोग्यापासून लपवितात. त्याला ते कळलेले असते. कळले आहे हे तो लपवितो. दिवसा पाहुण्यांची वर्दळ असते. विचाराला रात्रच सापडते. अशा वेळी खालच्या माणसाने "जागे आहात का?" एवढे विचारावे. दिवा लावावा, पाणी द्यावे, तो बोलेल ते ऐकावे. "जागरणाने दुखणे वाढेल हो," असे मात्र म्हणू नये. एका रात्रीच्या जागरणाने औषधावर पाणी पडत नाही, पण त्या धास्तीने उद्याचीही झोप जाते.

आणि पंधरा दिवस एका कागदावर लिहून ठेवावे: आडवे केव्हा झालो, झोप अंदाजे केव्हा लागली, कितीदा जाग आली आणि कशाने, दुपारी किती निजलो. पुढच्या खेपेला तो कागद फाइलीत सगळ्यांत वर लावावा, म्हणजे "बरे आहे" म्हणायच्या आधी तो डॉक्टरांच्या नजरेस पडेल.