जत्रेतले पाळणे आणि कुंपणातले पाळणे

माळव्याच्या पठारावरील धार आणि देवास ही दोन गावे मराठी माणसाला परकी नाहीत. दोन्हीकडे पवारांची राज्ये होती. देवासला तर एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये शेजारी शेजारी नांदत होती. १९४८ मध्ये ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. परंतु आज मला राजांविषयी बोलावयाचे नाही. या मुलखातली माणसे करमणुकीसाठी कोठे जातात, कोणत्या पाळण्यात बसतात, काय खातात आणि तेथली हवा कशी असते, एवढाच माझा विषय आहे. विषय हलका खरा. पण त्याच्या पोटात एक जड प्रश्न आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही.

पाळण्यांची गोष्ट धारेपासूनच सुरू करावी लागते. अकराव्या शतकात येथे राज्य करणाऱ्या भोजराजाच्या नावावर ‘समरांगणसूत्रधार’ हा वास्तुविद्येचा मोठा ग्रंथ आहे. १९२४-२५ च्या सुमारास बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत तो छापून प्रसिद्ध झाला. त्यात यंत्रांचा एक स्वतंत्र अध्याय असून फिरत्या झोपाळ्यांचे पाच प्रकार सांगितलेले आहेत. वसंत, मदननिवास, वसंततिलक, विभ्रमक आणि त्रिपुर ही त्यांची नावे. त्याच अध्यायात जलक्रीडेच्या घरांचेही पाच प्रकार येतात. कोठे धारा उडतात, कोठे पावसाच्या ढगासारखी वृष्टी होते, तर एक घर चक्क पाण्याखाली असते. ही यंत्रे कशी जुळवावीत याचा सगळा तपशील ग्रंथकार मुद्दाम देत नाही. अज्ञानामुळे नव्हे, तर गुप्तता राखण्यासाठी तो सोडला आहे, असे तो स्वतःच बजावतो. आज ज्याला आपण अम्युझमेंट पार्क आणि वॉटर पार्क म्हणतो, त्याची कल्पना माळव्यात हजार वर्षांपूर्वी अशी लिहून ठेवलेली होती. मात्र ते वैभव राजाच्या विलासासाठी होते. त्याला कुंपण होते, आणि सामान्य माणूस त्या कुंपणाबाहेर होता.

सामान्य माणसाची करमणूक जत्रेत होती आणि आजही आहे. देवासची जत्रा टेकडीभोवती भरते. टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा या दोन देवी; लोक त्यांना मोठी माता आणि छोटी माता म्हणतात. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा चिटणीस होता. १९५३ मध्ये त्याने त्या दिवसांवर लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातच देवीची ही टेकडी आली आहे. कुमार गंधर्व १९४८ मध्ये येथे आले आणि अखेरपर्यंत राहिले, तेही या टेकडीच्या पायथ्याशीच. माळव्याची लोकगीते त्यांनी येथेच कानात साठवली.

नवरात्रात या टेकडीची शोभा पाहावी. पस्तीस-एक किलोमीटरांवरच्या इंदूरहून माणसे रात्रभर चालत येतात. आता वर जावयास दोरमार्ग झाला आहे, आणि मुलांच्या लेखी तो दोरमार्ग हाच सर्वांत मोठा पाळणा. अधांतरी लटकत जाताना खाली गाव लहान होत जाते. जो पायऱ्यांनी चढतो त्याला मात्र वाटेवरची दुकाने भेटतात. चुनरी, नारळ, बांगड्या, पिपाण्या, प्लास्टिकच्या मोटारी, सारे काही तेथे मिळते. खाण्यात उपासाचा मान मोठा, म्हणून साबुदाण्याची खिचडी आणि फराळी चिवडा. ज्याचा उपास नाही त्याला पोहे आणि जिलबी, कचोरी. पोह्यांवर शेव आणि शेजारी गोड जिलबी हा माळव्याचा मेळ महाराष्ट्रातल्या माणसाला प्रथम चमत्कारिक वाटतो; दुसऱ्या दिवशी तो स्वतःच मागून घेतो. देवासच्या जत्रेचा स्वभाव कुटुंबवत्सल आहे. आजी, सून, नातवंडे असा लवाजमा घेऊन ती माणसे दर्शनाला आलेली असतात. पाळणा हा त्या दर्शनाचा प्रसाद.

धारेकडची तऱ्हा निराळी. धार जिल्ह्याच्या कुक्षी, डही, टांडा, बाग, गंधवानी या भागांत भिल्ल आणि भिलाला समाजाची वस्ती मोठी आहे. होळीच्या आधीच्या सात दिवसांत ज्या गावचा आठवड्याचा बाजार ज्या दिवशी, त्या गावचा भगोरिया त्या दिवशी. म्हणजे जत्रा आपल्या पायांनी गावोगाव चालत जाते. मोठाले ढोल, थाळी, बासरी, एकसारखे कपडे केलेल्या मैत्रिणींच्या टोळ्या आणि उडणारी धूळ हे तिचे रूप. येथे देवदर्शनाची रांग नसते. नाचणे हेच मुख्य. शहरी वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षे भगोरियाला लग्नाचा बाजार म्हटले. त्या समाजातली शिकलेली मंडळी आता ठामपणे सांगतात, की हा होळीचा बाजार आहे, आप्तेष्टांच्या भेटीचा सण आहे. त्यांचे ऐकावे. गुळाची जिलबी, गरम भजी, कुल्फी, विडा आणि साखरेचे हार-कंगन हे येथले खाणे. हे हार-कंगन पाहिले की आपल्याकडच्या पाडव्याच्या साखरगाठींची आठवण होते.

पाळणे मात्र दोन्हीकडे एकाच कुळातले. सर्वांत जुना तो लाकडी रहाटपाळणा. चार पेट्या, दोन माणसे हाताने ढकलणारी, आणि वर गेलेल्या पोराची किंकाळी. असा पाळणा पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६२० मध्ये तुर्की राज्यातील फिलिपोपोलिस येथे, म्हणजे आजच्या बल्गेरियातील प्लोव्हदिव गावी, पाहून लिहून ठेवला आहे. जॉर्ज फेरिस याने १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात त्यालाच पोलादाचे रूप दिले. त्याचे चक्र २६४ फूट उंच होते आणि त्याला ३६ डबे होते. एका वेळी दोन हजारांवर माणसे त्यात बसत. आपल्या जत्रेतला आकाशपाळणा हा त्याचाच धाकटा भाऊ. विजेवर किंवा डिझेलच्या इंजिनावर फिरणारा. त्याच्या शेजारी ‘मौत का कुआँ’ असतो. फळ्यांच्या उभ्या भिंतीवर फटफटीवाला गरगर फिरतो आणि पडत नाही. वेग पुरेसा असला की भिंतीचा रेटा चाकाला धरून ठेवतो. वेग उतरला की हा आधार सुटतो. पदार्थविज्ञानाच्या तासाला फळ्यावर आकृती काढून जे मुलांना पटत नाही, ते येथे पाच मिनिटांत पटते.

आता कुंपणातल्या पाळण्यांकडे वळू. डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरातील तिवोली १८४३ पासून चालू आहे. अमेरिकेतील डिस्नेलँड १९५५ चे. आपल्याकडे दिल्लीचे अप्पू घर १९८४ मध्ये निघाले आणि २००८ मध्ये बंद पडले. मुंबईजवळ गोराईला १९८९ मध्ये एस्सेल वर्ल्ड आले, तर खोपोलीजवळ २०१३ मध्ये इमॅजिका. धार-देवासच्या शाळांना सहलीसाठी जवळ पडतात ती इंदूरच्या आसपासची जलक्रीडेची उद्याने. तेथे धूळ नाही, धक्काबुक्की नाही. पाळण्यांचे पाये काँक्रीटमध्ये रोवलेले असतात. बसलेल्या माणसापुढे दांडी येऊन अडकते, खांद्यावरून पट्टा येतो, आणि उंची मोजल्यावाचून मुलाला आत सोडत नाहीत. खाणे झाकलेले, पण त्याचे दर चढे; घरचा डबा बहुधा दारातच अडवतात. आवाज ध्वनिक्षेपकाचा, गाणी सगळीकडे तीच. तुम्ही देवासला आहात की दिल्लीला, हे तेथे डोळे मिटून सांगता येणार नाही.

दोन्हींतला खरा भेद यंत्रांत नाही, पैसे कोठे द्यावे लागतात यात आहे. जत्रेत पाळण्याशी पैसे द्यावयाचे, उद्यानात दाराशी. डिस्नेलँडमध्येसुद्धा प्रवेशाचे तिकीट अल्प होते आणि प्रत्येक खेळाचे तिकीट निराळे असे. ही पद्धत १९८२ पर्यंत चालली. मग दाराशीच सारे पैसे घेण्याचा नियम आला. हिशेबाला हा नियम सोयीचा आहे. पण ज्याच्या खिशात एकाच पाळण्याचे पैसे आहेत, त्याला तो सबंध दिवसच नाकारतो. जत्रेत तसे होत नाही. एका पाळण्यात बसावे, दहा पाळणे पाहावेत, ढोल फुकट ऐकावा, ओळखीच्या माणसाने दिलेली जिलबी खावी, आणि जत्रा केली असे म्हणत घरी जावे. देवासची नवरात्र असो, कुक्षीचा भगोरिया असो, की आमच्याकडची वांद्र्याची माउंट मेरीची जत्रा असो, दार कोणालाच नसते.

मी शाळामास्तर आहे, म्हणून हा भेद मला वर्गात दिसतो. जलक्रीडेच्या उद्यानात सहल न्यावयाची म्हटले की सगळे हात वर होतात. पैसे भरण्याच्या दिवशी यादी आखूड होते. गळालेली मुले कारण सांगत नाहीत, सांगितलेच तर एखादा म्हणतो, “सर, मला पाण्याची भीती वाटते.” त्याच मुलाला नदीच्या डोहात सूर मारताना मी पाहिलेले असते.

म्हणून जत्रा श्रेष्ठ आणि उद्यान कनिष्ठ, असा निकाल देऊन मी मोकळा होऊ शकत नाही. कारण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जत्रेतला आकाशपाळणा आज या गावी, चार दिवसांनी पुढच्या गावी. दर वेळी तो सुटा होतो, ट्रकवर चढतो, आणि नव्या, कधी भुसभुशीत, जमिनीवर रात्रीतून उभा राहतो. एखादा बोल्ट झिजलेला, एखादी तार उघडी, पाळणेवाल्याची झोप अपुरी. पाळणा तुटल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. अशा खेळयंत्रांसाठी भारतीय मानक ब्युरोने मानके ठरवून दिली आहेत. उद्यानवाला निदान आपल्या नावासाठी ती पाळतो. जत्रेत ती कोणी विचारली तर पाळली जातील. म्हणजे गरिबाच्या मुलाला दार मोकळे, पण पट्टा नाही. आणि ज्याला पट्टा आहे त्याच्या दाराला कुलूप. मी ज्याला जड प्रश्न म्हटले तो हाच.

तो सोडवावयास राजवाडा लागत नाही. जेथे नगरपालिका किंवा पंचायत जत्रेची जागा देते, तेथे पाळणा उभा राहिल्यावर जाणत्या यंत्रज्ञाने तो तपासल्यावाचून पहिली फेरी सुटू नये. त्या तपासणीचा कागद तिकिटाच्या खिडकीवर लावावा. म्हणजे वाचता येणारे मूल तो वाचेल आणि न येणारे विचारील. उद्यानांनी आठवड्यातला एखादा वार शाळांसाठी अल्प दराचा ठेवावा. त्या दिवशी गर्दी कमी असेल, तर त्यांचेही नुकसान नाही. आणि आपण, श्रोतेहो, पुढच्या जत्रेत मुलाला पाळण्यात बसवण्यापूर्वी पुढची दांडी हाताने ओढून पाहावी, ती सैल असेल तर पाळणेवाल्याला सौम्य शब्दांत सांगावे आणि मुलाला खाली उतरवून घ्यावे. मूल रडेल, त्याला जिलबी घेऊन द्यावी.