चालण्यास साहाय्य करणारी यंत्रे आणि आपली शाळा
(शिक्षक संमेलनात दिलेले व्याख्यान)



ज्या शाळेत पावसाळ्यात मुलांना बसविण्यास कोरडा कोपरा शोधावा लागतो, तेथे यंत्राच्या पायांची चर्चा कशासाठी, असे आपणांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अशा यंत्रांची चित्रे आता खेड्यातील पालकही मोबाइलवर पाहतात, आणि 'गुरुजी, आमचं पोर यानं चालेल का?' असे प्रथम आपल्यालाच विचारतात. या प्रश्नास खरे उत्तर देता आले पाहिजे.

मुंबईत लोअर परळहून चर्चगेटकडे जाताना पुढचे स्टेशन महालक्ष्मी. तेथून समुद्राच्या बाजूस हाजी अलीजवळ केशवराव खाड्ये मार्गावर या कार्याची दोन जुनी ठाणी आहेत. श्रीमती फातिमा इस्माईल यांच्या मुलीस पोलिओ झाला. त्या दुःखातून त्यांनी 1947 साली मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी दवाखाना सुरू केला. त्यांच्या संस्थेतूनच पुढे हाजी अलीचे बालरुग्णालय उभे राहिले. 1958 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 1955 साली स्थापन झालेली केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थाही त्याच मार्गावर आहे. गिरणगावातील चाळींपासून दूरच्या जिल्ह्यांपर्यंतची मुले येथे येत आली आहेत.

त्या काळचे मुख्य साधन म्हणजे लोखंडी पट्ट्यांचे व चामड्याचे कॅलिपर. पोलिओत पाठीच्या कण्यातील मज्जापेशी नष्ट होतात व पाय लुळा पडतो. लुळ्या पायास बाहेरून आधार दिला की काम भागते. पुढे लसीकरणाने पोलिओ हटला. 13 जानेवारी 2011 नंतर आपल्या देशात नैसर्गिक पोलिओचा रुग्ण आढळला नाही, आणि 27 मार्च 2014 रोजी देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले.

आता आपल्या वर्गात येणारे चालण्यास असमर्थ मूल बहुधा सेरेब्रल पाल्सीचे असते. त्याच्या पायात बळ नसते असे नाही. जन्मापूर्वी, जन्मवेळी वा त्यानंतर लवकरच मेंदूस इजा झाल्याने मेंदूचे हुकूम स्नायूंपर्यंत नीट पोहोचत नाहीत. स्नायू ताठ होतात, पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात. येथे केवळ आधार पुरत नाही. योग्य पाऊल पुनःपुन्हा टाकण्याचा सराव हवा, कारण मेंदू सरावाने शिकतो. (हे शिक्षकांना सांगण्याची गरज नाही.) परंतु एका मुलाचे दोन्ही पाय धरून शेकडो पावले टाकून घेताना दोन माणसे घामाघूम होतात. नेमके हेच श्रम यंत्राने उचलले.

'रोबो' हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या 1920 च्या नाटकातून जगभर गेला. त्याचे मूळ 'वेठ' या अर्थाच्या शब्दात आहे. स्वित्झर्लंडमध्ये तयार झालेल्या 'लोकोमॅट' या यंत्रात मुलास पट्ट्यांनी सरकत्या पट्ट्यावर तोलून धरतात. कंबर व गुडघा यांपाशी असलेल्या मोटारी संगणकाच्या हुकमाने पाय हलवितात, आणि मूल स्वतः किती जोर लावते हेही यंत्र मोजते. कॅनडातील 'ट्रेक्सो' या कंपनीने असे यांत्रिक पाय चाकांच्या वॉकरलाच जोडले. तिच्या एका संस्थापकाच्या भारतातील पुतण्यास सेरेब्रल पाल्सी होती, हे त्या खटपटीचे निमित्त.

मग या यंत्राने मूल चालेल काय? आजवरचे संशोधन सांगते, की तितकाच वेळ साध्या पद्धतीने चालण्याचा सराव करून घेतला, तर यंत्राचा लाभ त्याहून फारसा अधिक दिसत नाही. म्हणजे महत्त्व सरावाच्या वेळेला आहे. पालकांना हेच सांगावे. अशा यंत्रापायी जमीन विकण्याचा विचार एखादा बाप बोलून दाखवील, तर त्याला थांबवावे.

सराव मात्र घरात बसून होत नाही. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलास 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. अतितीव्र दिव्यांगत्वाच्या मुलांसाठी घरी शिक्षणाची सोय आहे, पण तिचा उपयोग शाळेची अडचण टाळण्यासाठी झालेला मी पाहिला आहे. एका शाळेत वॉकर घेऊन अंगणभर फिरणारी मुलगी हजेरीपटावर 'घरी' होती. कारण विचारले, तर दारास तीन पायऱ्या! एक फूट उंचीस बारा फूट लांब असा उतार गवंडी चार दिवसांत बांधून देतो.

वॉकर मिळाला म्हणजे काम संपले, असेही नाही. मूल सरळ उभे असता मूठ त्याच्या मनगटाशी यावी आणि मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकावे. पहिलीत मिळालेला वॉकर तिसरीत ठेंगणा होतो व मूल पुढे वाकून चालू लागते. जूनमध्ये उंची नोंदवाल तेव्हा हेही पाहावे, वॉकरच्या पायांची रबरे झिजली असतील तर बदलावीत. दप्तर दांडीस अडकवू नये, तोल जातो. मुलास हात धरून ओढू नये. घंटेपूर्वी पाच मिनिटे त्यास निघू द्यावे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ 2013 मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. त्याचे पथक तपासणीसाठी शाळेत येते. ज्या दिवशी ते येणार, त्याच्या आदल्या दिवशी पटावर नसलेल्या मुलांच्या घरीही निरोप द्यावा. पथक हजर मुलांनाच तपासून परतते.